ताप नाही

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज ह्यांना पेणच्या हॉस्पिटलातून घरी सोडलं. ही वही तिथल्याच सांगण्यावरून आणली. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता एक छापील कागद पुढे सरकवला आणि म्हणाली, "रोज दोन वेळा ताप लिहून ठेवायचा. बाकी सगळं कागदावर आहे." सगळं म्हणजे किती, तर तीन ओळी. ताप शंभरच्या वर गेल्यास, जखम लाल झाल्यास, जखमेतून पू आल्यास लगेच यावे. वीस दिवस माणूस मरणाच्या दारात उभा होता आणि त्याच्याबद्दल ह्यांना सांगण्यासारखं एवढंच. मी विचारायला तोंड उघडलं तर तिने पुढच्या माणसाचा नंबर पुकारला.

सत्तावीस सप्टेंबरला हे तळ्यावर जिताडा धरायला गेले होते. धरमतरच्या खाडीकाठी आमचं भाताचं खाचर आहे, त्याला लागून तळं. मोठा मासा जाळ्यात उसळला आणि त्याच्या पाठीवरचा काटा ह्यांच्या उजव्या पंज्यात घुसला. असे काटे जन्मभर लागलेत. हळद दाबली आणि जेवायला बसले. सकाळी हात कोपरापर्यंत काळानिळा झालेला आणि दुपारी माणूस बरळायला लागला. पेणला नेलं तर बीपी लागेना. जंतू रक्तात गेले, सेप्सिस झालंय म्हणाले. मग लघवी बंद, तीनदा डायलिसिस, सहा दिवस मशीनवर श्वास. शेवटची दोन बोटं काढली.

मी चौदा वर्षं गावात आशा सेविका आहे. आम्हाला मूल झालं नाही, पण ह्या खाडीपट्ट्यातली शंभराच्या वर पोरं मी काखेत लावलेल्या थर्मामीटरवर वाढलीत. मला ताप बघायला शिकवतायत.

रोजचे दोन्ही वेळचे आकडे मागच्या पानांवर तक्त्यात लिहीन. आज संध्याकाळी ९७.८. ताप नाही. जखम कोरडी.

१९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी ९७.६, संध्याकाळी ९७.४. ताप नाही.

दिवसभर घरात रीघ. ह्यांना, म्हणजे गावाच्या नाथादाला, बघायला अख्खं गाव लोटलं. पलंगावर, खुर्चीवर, उंबऱ्यावर माणसं. शेजारचा पोपट ह्यांचा कापलेला पंजा हातात घेऊन असा निरखत होता, जसा बाजारात मासा बघतोय. "हडकलास रं नाथा," म्हणे. वर तोंडासमोर खोकला. कुणाला काय बोलावं हे एकाला कळत नाही.

आमची नणंद सगुणा रोह्याहून मदतीला आलीय. ती दारात आडवी उभी राहून म्हणाली, "वयनी, माणसं कमी कर गो. नर्स बोलली होती गर्दी नको." मला तिडीक आली. ह्यातल्या नऊ जणांनी रक्त दिलंय. कामं टाकून, पेणच्या रांगेत उभं राहून. त्यांना मी दारातून कसं परत पाठवू? सगुणाचं काय जातं, ती चार दिवसांनी जाईल रोह्याला. मला इथेच राहायचंय.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

९७.४. ९७.२.

पोपटच्या घरासमोर एवढी मोठी माळ लावली की आमची भांडी हलली. एरवी हे फटाक्यांच्या पहिल्याच आवाजाला अंगणात जाऊन पोपटच्या सात पिढ्या काढतात. आमच्या घराची ती दिवाळीची सुरुवातच. ह्यांच्या तोंडाला सुमार नाही. तळ्यावरच्या बगळ्याला शिवी, गेलेल्या लाइटला शिवी, मला तर उठताबसता 'भवाने'. आज नुसते भिंतीकडे बघत पडून राहिले.

सगुणा हळूच म्हणाली, "दादानं शिवी दिली नाय गो. घरी आल्यापासून एक पन नाय."

म्हटलं, बरंच आहे की. मरणाच्या दारातून आलेला माणूस सुधारला असेल. ती म्हणे, "नाय वयनी, मना बरं नाय वाटत." हिला बरं कशानेच वाटत नाही. ताप नाही, जखम स्वच्छ, आणि ही शिव्यांची वाट बघतेय. माझ्या घरात दिवाळीला रडका चेहरा करून बसू नकोस म्हणून मी बोलले. जरा जास्तच बोलले असेन. करंज्या तळायच्या राहिल्या होत्या.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

९७.२. ९७.०.

ह्यांच्या ओठांवर आणि तोंडात बारीक फोड आलेत, द्राक्षांसारखे घोस. इतकी औषधं पोटात गेल्यावर उष्णता बाहेर पडणारच. गुलकंद दिला. दोन घास खातात आणि ताट सारतात. काल जिताड्याचं कालवण केलं, तळ्यातलाच मासा. ह्याच जातीने बोटं घेतली तर ह्यालाच खाऊन उट्टं काढू म्हटलं. हसले नाहीत. रस्सा तसाच राहिला.

जखम मात्र बघण्यासारखी. कुठे लाली नाही, सूज नाही, पूचा थेंब नाही. फिकट, शांत. मात्र कडा अजून जुळलेल्या नाहीत. वेळ लागणारच.

सगुणा गेली. जाताना रडत होती. तिच्या मुलीचा, किमयाचा, नऊ तारखेला साखरपुडा आहे आणि डोळ्यांत पाणी. असल्या रडण्याचा मला राग येतो. माझ्या डोळ्यांतून पाणी काढायचं म्हटलं तर मला बसायला वेळ नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सुट्टी संपली. आजपासून पुन्हा घरभेटी.

जिते गावात अनिताकडे गेले. बाळ सात दिवसांचं. वजन केलं, काखेत थर्मामीटर लावला, घड्याळ धरून मिनिटभर श्वास मोजला. अनिताची सासू मध्ये मध्ये. म्हणते, "अंग कसं गार हाय बघा. ताप नाय. नुसतं झोपतंय, तरास नाय बिचाऱ्याचा. दूध बी कमीच मागतंय."

माझं डोकंच फिरलं. बाईला समोर बसवून सांगितलं. ताप नाही म्हणून खूश होऊ नका. तान्ह्या बाळाच्या अंगात लढायची ताकद नसते, म्हणून जंतू शिरले तरी ताप येतोच असं नाही. उलट अंग थंड पडतं. दूध ओढत नाही, सुस्त पडतं, श्वास जोरात चालतो. ही धोक्याची लक्षणं. शांत बाळ म्हणजे बरं बाळ नव्हे. सासूचं तोंड एवढंसं झालं. बाळ गुंडाळून आईच्या उराशी बांधलं आणि मी स्वतः रिक्षात बसवून पेणला नेलं. ठेवून घेतलं. वेळेवर आणलंत, असं तिथली डॉक्टरीण म्हणाली.

किती वर्षं तेच तेच सांगायचं ह्या लोकांना. घसा बसला.

घरी आले तर हे पडूनच. पोळी तशीच झाकलेली. हात लावला तर पाय बर्फासारखे, चादर दिली. ९६.८. ताप नाही. देवाची कृपा.

१ नोव्हेंबर, शनिवार

पेणला दाखवायला गेलो. साडेतीन तास बाकावर. हे भिंतीला डोकं टेकून बसले होते आणि तिथला पंखा बंद. शेवटी आत घेतलं. मोठ्या डॉक्टरांनी पट्टी सोडली, बघितलं. "व्वा, मस्त. ताप?"

"नाही."

"पू, लाली?"

"नाही. पण जेवत नाहीत, आणि..."

"अशक्तपणा. महिनाभर राहणार. आजार काय साधा होता का?"

मी ही वही पुढे केली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. वहीवर कागद ठेवून औषधं लिहिली आणि परत दिली. आम्हाला आत जाऊन दोन मिनिटं झाली असतील. मी पंधरा दिवस दोन्ही वेळा, एकदाही न चुकवता लिहिलं ते कुणासाठी? बाहेर येऊन एवढा संताप आला की जिन्यातच रडले. हे म्हणाले, "जाऊ दे." ह्या माणसाने आयुष्यात कधी 'जाऊ दे' म्हटलेलं मला आठवत नाही.

९६.८.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ह्यांच्या बरगडीवर नागीण उठलीय. पाठीपासून पोटाकडे लाल पुरळ, पाण्याच्या फोडांचा पट्टा. दुखत असणार भयंकर, पण कण्हतसुद्धा नाहीत.

पोपट मला न विचारता खांब गावाहून कमळाकर नावाच्या म्हाताऱ्याला घेऊन आला. नागीण उतरवतो म्हणे. त्याने गेरूने पट्ट्याच्या दोन्ही टोकांना रेघ ओढली, तोंड आणि शेपूट जुळलं तर माणूस जातो म्हणून. मी आशा, माझ्या घरात हे. गावाला मी काय तोंडाने सांगू की असलं करू नका? भांडले. पण म्हातारा सामान आवरता आवरता एवढं बोलला, "पोरी, एका माणसाच्या अंगावर इतकं सगळं एकदम उठत नाय. आधी तोंड, आता हे. आतलं कायतरी ढिलं झालंय. मोठ्या डागदरला दाव." म्हटलं, मोठ्यालाच दाखवून आलेय तीन दिवसांपूर्वी, तुम्ही नका शिकवू. चहाही न विचारता वाटेला लावलं.

साखरपुडा झाला की आरोग्य केंद्रात नेऊन दाखवेन. नागीण काय कुणालाही होते.

९६.६. ताप नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

सगुणाचा फोन. "वयनी, उद्या दादाला आणू नको. आपन नंतर सावकाश भेटू. त्याला झेपायचं नाय."

म्हणजे कापलेली बोटं पाहुण्यांसमोर नकोत. सख्ख्या मामाला भाचीच्या साखरपुड्याला येऊ नको म्हणायचं, आणि वर काळजीचा आव. मी सांगितलं, आम्ही येणार. माझ्या नवऱ्याला काही झालेलं नाही. वहीत सगळं लिहिलंय, बावीस दिवसांत एकदाही ताप नाही. ती म्हणाली, "बरं, तर येताना हळू आण." 

ह्यांचा लग्नातला शर्ट इस्त्री केला. कॉलरमध्ये दोन बोटं आरामात जातात.

१० नोव्हेंबर, सोमवार. रोहा.

नाही लिहिलं तर फुटेन.

काल जित्याहून गाडी पकडली. गाडीत हे खिडकीला टेकून झोपले. जागे केले तर मला ओळखलं, पण रोहा कशाला म्हणून विचारलं. तीनदा. हॉलमध्ये किमया पाया पडायला वाकली, तर तिच्या डोक्यावर हात ठेवून ह्यांनी आपल्या आईला मारावी तशी हाक मारली, "आये." आईला जाऊन अठरा वर्षं झाली. लोक हसले. सगुणा हसली नाही. नवऱ्यामुलाच्या आईच्या हातातलं ताट तसंच सोडून ती धावत आली आणि ह्यांच्या छातीकडे बघत राहिली.

मी पिशवीतून थर्मामीटर काढला. भर समारंभात. काखेत लावला. ९६.१. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बघा, ताप नाही."

सगुणा माझ्यावर ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा. "ठेव तो मेला! छाती बघ त्याची, छाती! कशी चाललीय!"

मी बघितलं. आणि माझ्या तोंडून आपोआप मोजायला सुरुवात झाली, चौदा वर्षांची सवय. मिनिटाला अडतीस.

त्यानंतरचं तुटक आठवतं. ह्यांना चौघांनी उचललं. इथल्या एका हॉस्पिटलात आणलं. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, रक्तात पुन्हा जंतू. ड्युटीवरचा डॉक्टर जुहेब म्हणून, इथल्याच अष्टमी भागातला, तिशीचाही नसेल. तो माझ्यावर उखडला. "किती दिवस घरी ठेवलंत असं? हे आज झालेलं नाही. आठवडा तरी झालाय. काय बघत होता काय तुम्ही?"

मी ही वही त्याच्या टेबलावर आपटली. इतक्या जोरात की नर्स दचकली. "हे बघत होते. जे बघायला सांगितलं ते. एक दिवस चुकला असेल तर दाखव मला."

तो उभ्यानेच पानं उलटायला लागला. मग बसला. मग मागे जाऊन पहिल्यापासून वाचायला लागला. ह्यात मी काय काय लिहिलंय ते तेव्हा लक्षात आलं, पण हिसकावून घ्यायची ताकद नव्हती. तो कुठेच हसला नाही. वाचून झाल्यावर वही दोन्ही हातांनी परत दिली. म्हणाला, "चाची, तुमची चूक नाही. मी ओरडायला नको होतं."

हे मला जास्त लागलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हे मशीनवर. दिवसातून दोनदा काचेतून बघू देतात.

डॉ. जुहेबने आज बसवून सांगितलं. मी त्याला म्हटलं, मला पोरासारखं समजावू नको, नीट सांग. तो म्हणाला, पहिल्या वेळी जंतू रक्तात गेले तेव्हा ह्यांचं शरीर इतकं खवळलं की जंतूंबरोबर स्वतःलाही जाळत सुटलं. मूत्रपिंडं बंद पडली, बीपी गेलं, त्यात जंतूंइतकाच त्या खवळण्याचाही हात. असं झालं की शरीर स्वतःच स्वतःला आवरायला लागतं. लढणाऱ्या पेशींना थांबवतं, काही मरूनही जातात, उरलेल्या जंतू समोर आला तरी हलत नाहीत. आवरलं नाही तर माणूस तेव्हाच जातो. पण काहींच्या बाबतीत हे आवरणं फार होतं आणि आठवडेच्या आठवडे टिकतं. मग नवा जंतू शिरला तरी आत कुणी उठत नाही. अंगात जन्मभर झोपलेले जुने विषाणू डोकं वर काढतात. ओठांवरचे फोड ते. नागीणही तीच.

"म्हणजे तळ्यावरचं राखणीचं कुत्रं भुंकायचं बंद झालं," मी म्हटलं.

"हो. आणि आपण सगळे भुंकणं ऐकू येत नाही म्हणून चोर नाही असं समजलो."

मी तो तीन ओळींचा कागद काढला. ताप, लाली, पू. त्याला विचारलं, ह्या तिन्ही गोष्टी कोण करतं? जंतू की शरीर? त्याने कागद वाचला. "बहुतेक शरीर," तो म्हणाला. "लढताना."

म्हणजे ज्या माणसाचं शरीर लढायचं थांबू शकतं, त्याला घरी पाठवताना सांगितलं काय, तर लढताना दिसलं तर या. आणि हेच पुरे नव्हतं. त्याने पेणची फाइल उघडली. सातव्या पानावर घरी सोडायच्या दिवशीचा रक्ताचा रिपोर्ट. लढणाऱ्या पेशींची एक जात अगदी तळाला, आकड्यासमोर छापील बाण खाली. तो बाण मी वीस वेळा बघितलाय. मला वाटलं, असेल काहीतरी. त्यांना कुणाला सांगावंसं वाटलं नाही? कागदावर चौथी ओळ छापायला शाई संपली होती?

बाहेर येऊन मी बाकावर बसले आणि लोकांना शिव्या घालत राहिले. पेणच्या मोठ्या डॉक्टरला, काउंटरवरच्या मुलीला, पोपटला. सगळे संपल्यावर पिशवीत हात घातला तर माझं आशाचं कार्ड हाताला लागलं, घरभेटीला नेते ते, चित्रांचं. बाळ दूध ओढत नाही. बाळ सुस्त. अंग थंड. श्वास जोरात.

अनिताच्या सासूला मी कोणत्या तारखेला झापलं ते मागे जाऊन वाचलं. सत्तावीस ऑक्टोबर. त्याच दिवशी, त्याच पेनाने, खाली लिहिलंय, देवाची कृपा.

मला कुणी सांगायची गरजच नव्हती. मला माहीत होतं. फक्त मी ते बाळांपुरतं माहीत ठेवलं होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सगुणा रोज डबा आणते. साखरपुडा अर्धवट राहिला, मुलाकडचे समजूतदार निघाले. ती त्याबद्दल एक अक्षर काढत नाही. मी तिला काहीतरी बोलायला हवं. डबा उघडते, जेवते, शब्द येत नाहीत. राग आला की माझं तोंड कसं चालतं आणि हे एवढं का अडतं?

शेजारच्या बाकावर हाजरा म्हणून एक आहे, बोरघरकडची. नवरा मुराद कुवेतहून सुट्टीवर आला आणि पायाच्या जखमेतून ह्यांच्यासारखंच झालं. तो आता सुधारतोय. ती मला खजूर देते आणि सारखं एकच विचारते, "आपा, ताप उतरला की घरी सोडतील ना?"

आज मी तिला सगळं सांगितलं. कार्ड दाखवून. ती घाबरली, पण ऐकलं.

डॉक्टरला विचारलं, शरीराला जागं करायचं औषध द्या. तो म्हणाला, शोधतायत, अजून ठरलेलं असं नाही. जंतू मारायचं काम आम्ही करतो. आतलं कधी उठेल ते शरीर ठरवणार. इतकी शिकलेली माणसं, आणि शेवटी थांबा म्हणतात. पण खोटं बोलला नाही, म्हणून त्याच्यावर रागावता येत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मशीन काढून तीन दिवस झाले. मला आत बसू देतात. हे डोळे उघडतात, मिटतात. पाणी दिलं तर पितात, नाही दिलं तर मागत नाहीत. जखम तशीच फिकट. हात गार.

मी काय करते तर त्यांच्याशी भांडते. हळू आवाजात, नर्सला ऐकू जाणार नाही असं. उठा म्हणते. पोपटने तळ्यातली दोन जाळी न विचारता नेलीत, उठा. बगळे मासे खातायत. लाइटवाल्यांनी पुन्हा खांब वाकडा ठेवलाय. काही नाही. भिंतीकडे बघतात.

मला पहिल्यांदा भीती वाटली. इतके दिवस राग होता म्हणून भीतीला जागा नव्हती.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी कपाळ पुसायला हात लावला आणि हात मागे घेतला. गरम.

थर्मामीटर लावला. मला वाटलं बिघडलाय. झटकून पुन्हा लावला. १०१.२.

मी पळत गेले. डॉ. जुहेब चहा पीत होता. त्याला म्हटलं, "ताप आलाय," आणि रडू फुटलं. त्याने कप ठेवला. "ताप म्हणून रडणारी बाई मी पहिली बघतोय. पण थांबा, चाची. ताप चांगला की वाईट ते आधी बघू. लगेच खूश नको." रक्त घेतलं, छातीचा फोटो काढला. तोवर मी कुणालाही काही सांगितलं नाही.

दुपारी तो स्वतः आला. फोटो सुधारलाय. नवीन जंतू नाही. आणि त्या पेशी, बाण खाली असलेल्या, दुपटीने वाढल्यात. पट्टी सोडून दाखवली. जखमेच्या कडेला बारीक लाल रेघ. ज्या लालीला घाबरायला सांगितलं होतं ती. मी तिच्याकडे इतकी बघत राहिले की नर्स म्हणाली, मावशी, आता बांधू का?

संध्याकाळी पुन्हा काखेत थर्मामीटर सरकवला. ह्यांनी डोळे उघडले, माझा हात ढकलला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काढ ती गार कांडी, भवाने. मेलेला बी उठंल."

सगुणा डबा घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं. डबा खाली ठेवून ती भिंतीला टेकून खालीच बसली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तेव्हाही मला नीट बोलता आलं नाही. एवढंच म्हटलं, "तू दिवाळीलाच सांगितलं होतंस."

ती म्हणाली, "तू जेव आधी."

२ डिसेंबर, मंगळवार. घर.

आज सोडलं. काउंटर वेगळा, गाव वेगळं, मुलगी वेगळी, आणि कागद तोच. ताप आल्यास, जखम लाल झाल्यास. मी सही केली नाही.

"चाची, छापील फॉर्म असतो," मुलगी म्हणाली. म्हटलं, मग हाताने लिहा, मी बसलेय. मागे रांग वाढली. कुणीतरी मॅनेजरला बोलावलं. तो म्हणाला, आम्हाला असं काही घालता येत नाही, वरून मंजुरी लागते. म्हटलं, वरून मागवा, मला घाई नाही. पोपट गाडी घेऊन आला होता. त्याने पहिल्यांदाच कामाचं काही केलं, खुर्ची आणून माझ्या मागे ठेवली. हाजराही येऊन उभी राहिली. तिच्या मुरादला परवा सोडणार आहेत.

शेवटी डॉ. जुहेब आला. पेन काढून उभ्यानेच लिहायला लागला आणि मी सांगत गेले. अंग थंड पडलं तर. जेवण सुटलं तर. सुस्त झाला तर. श्वास मिनिटाला चोविसाच्या वर गेला तर. तोंडात फोड, अंगावर नागीण उठली तर. ताप नसला तरी.

"आणि शिव्या द्यायचा बंद झाला तर," मी म्हटलं.

त्याने पेन वर उचललं. "हे कसं लिहू?"

"माझ्या नणंदेने तेवढ्यावरून ओळखलं होतं. आम्ही कुणीच ओळखलं नव्हतं. ते लिही."

मग त्याने लिहिलं, 'माणूस घरच्यांना नेहमीसारखा वाटत नसेल तर. घरच्यांचं ऐकावं.' खाली स्वतःची सही आणि मोबाइल नंबर. मॅनेजरकडून दोन प्रती काढून घेतल्या. एक हाजराला दिली. मग मी सही केली.

व्हीलचेअरमधून मागून आवाज आला, "चल गो आता, का हितंच राहतंस? त्या पोपट्यानं गाडी उन्हात लावलीय, अक्कल हाय का त्याला?"

संध्याकाळी, घरी. ताप ९८.२. श्वास अठरा. पेज दोन वाट्या, वर मीठ मागितलं. दार आतून लावून घेतलंय, बघायला येणाऱ्यांनी खिडकीतून बघावं.

शिव्या, दुपारपासून, सात.